गवत्या मास्तर

"हे कसलं झाड?" हा प्रश्न सरांना विचारू नये. विचारणाऱ्याचा समज असा, की वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत, चटकन नाव सांगतील, आपण 'अच्छा' म्हणू आणि पुढं जाऊ. सर आधी शर्टाच्या खिशातून भिंग काढतात. मग विचारतात, "फूल आहे?" नाही म्हटलं की "फळ?" तेही नाही म्हटलं की पान उलटं करून बघतात, देठाच्या बेचक्यात डोकावतात, पान चुरगाळून हुंगतात आणि मोठ्या समाधानानं जाहीर करतात, "सांगता येणार नाही."

ह्या समाधानाचं कोडं मला फार उशिरा उलगडलं. तुम्हाआम्हाला उत्तर सापडलं की बरं वाटतं. सर उत्तर सापडू नये म्हणून धडपडणाऱ्यांपैकी आहेत. एखादी वनस्पती कुकच्या मुंबई इलाख्याच्या 'फ्लोरा'त नाही, हूकरच्या सात खंडांत नाही, नंतरच्या शोधनिबंधांतही नाही, असं एकेक नाव गळत गेलं की त्यांचा चेहरा उजळत जातो. कशाशीच जुळली नाही तर प्रजाती नवी! आणि अगदी शेवटच्या पुस्तकात, शेवटच्या तळटीपेत ती सापडलीच, तर त्या दिवशी सर कुणाशी बोलत नाहीत.

बरं, ही शिस्त झाडांपुरती राहावी, तर तेही नाही. आमच्या भाचीसाठी एक स्थळ आलं होतं. मुलगा पाहायला सरांना मुद्दाम बरोबर नेलं, चार माणसांत वजनदार दिसतात म्हणून. पोहे झाले, चहा झाला, बाहेर पडल्यावर विचारलं, "कसा वाटला?" म्हणाले, "एका नमुन्यावरून मत देणं धोक्याचं. भाऊ-चुलतभाऊ बघायला हवेत. शिवाय आपण त्याला जानेवारीत पाहिला. पावसाळ्यात कसा दिसतो?" ते लग्न जमलं, पण सरांच्या लेखी अजून त्याची ओळख पटलेली नाही.

हल्ली मुलं मोबाईल झाडासमोर धरतात आणि मोबाईल नाव सांगतो. माझ्या नातवानं सरांना ते करून दाखवलं. सरांनी निमूटपणे पाहिलं आणि म्हणाले, "ह्याला शंका येत नाही. शंका न येणाऱ्याला वर्गीकरण जमणार कसं?" नातू म्हणाला, "आजोबा, नाव बरोबर आहे का पण?" सर म्हणाले, "फूल आल्यावर सांगतो."

मी सरांच्याच महाविद्यालयात मराठी शिकवत असे. कोल्हापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. पश्चिमेला राधानगरी, शाहूवाडी, चंदगड अशी डोंगराची रांग. पाऊस सुरू झाला की इथली शहाणी माणसं घरात बसतात आणि सर बाहेर पडतात. रेनकोट, पायात गमबूट, जळवांसाठी मिठाची पुरचुंडी, हातात खुरपं आणि पाठीवर पॉलिथिनची थैली. कातळाच्या सड्यावर दिवसभर ओणवे होऊन काहीतरी उपटत असतात. डोंगरातल्या धनगरवाड्यांनी त्यांचं नाव कधीच ठेवून टाकलं आहे, गवत्या मास्तर. काही काळ असाही बोलवा होता, की मास्तराला गुप्तधनाचा नाद आहे. एवढा शिकलेला माणूस पावसात खुरपं घेऊन खडक उकरतो, तो गवतासाठी, ह्यावर विश्वास कोण ठेवणार?

आणि ह्या संशयाला सरांनी हातभारही पुष्कळ लावला. नवी वनस्पती छापून येईपर्यंत जागा कुणाला सांगायची नाही, हे त्यांच्या धंद्याचं पहिलं पथ्य. दुसऱ्या कुणी आधी जाऊन आधी छापलं तर नाव त्याचं. आणि छापल्यावरही नेमकी जागा सांगायची नाही, कारण दुर्मीळ कंद आणि आमरी उपटून नेणारे टपलेले असतात. हे पथ्य सर एसटीतही पाळतात. कंडक्टरनं विचारलं, "मास्तर, कुठलं देऊ?" की शेवटच्या थांब्याचं तिकीट काढतात आणि मधेच एका वळणावर, जिथं घर नाही, फाटा नाही, पाटी नाही, तिथं उतरून धुक्यात नाहीसे होतात. पुढच्या खेपेला दुसऱ्या वळणावर उतरून तिथवर चालत येतात. गुप्तधन नाही तर काय समजायचं लोकांनी?

सरांचा खास जीव आहे तो गेंदावर. श्रावण-भाद्रपदात सड्यावर पाणी साचलं, की जी पांढरी बारीक बोंडं हजारोंनी डोलतात, ती. लोक कास पठारावर जाऊन ह्याच बोंडांवर पाय ठेवून फोटो काढतात. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासचं नाव जागतिक वारशात गेलं, त्याचा सरांना आनंद झाला आणि त्यानंतर त्यांनी रविवारी तिकडं जाणं सोडलं. तर त्या एका बोंडात डझनावारी फुलं असतात, नर वेगळी, मादी वेगळी. कुणाला तीन निदलं, कुणाला दोन. पाकळ्यांवर काळी ग्रंथी आहे की नाही, ती पाहायची. एवढं करूनही पटत नसेल तर बी काढायचं. ते मिलिमीटरपेक्षा लहान. मग ते विद्यापीठातल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्याच्या टरफलावरची नक्षी पाहायची. दोन गेंद शेजारी उभे आहेत, तुम्हाला-मला एकच वाटतात, पण बियांवरची नक्षी वेगळी, म्हणजे प्रजाती वेगळी. सरांचं म्हणणं, सह्याद्रीच्या ह्या सड्यांनी आयुष्य पुरून उरेल एवढं काम देऊन ठेवलंय आणि माणसं थंड हवेला म्हणून महाबळेश्वरला जातात.

एकदा मीही त्यांच्याबरोबर गेलो होतो. म्हशी राखणारे एक मामा इरलं घेऊन उभे होते. सरांनी गेंद पुढं करून स्थानिक नाव विचारलं. लेबलावर ते लिहायचं असतं.

"ह्ये? ह्ये गवात."

"आणि हे?" सरांनी दुसरा काढला.

"त्येबी गवातच की."

"दोन्ही एकच म्हणता?"

"न्हाई बा. ह्येला म्हस तोंड लावती, त्येला लावत न्हाई."

सरांनी तिथल्या तिथं वही काढून टिपून घेतलं. परतताना म्हणाले, "बघितलंत? प्रजाती दोनच मानल्यात, पण लक्षण पक्कं. पुन्हा तपासता येतं. आमच्यात काहीजण एवढंही देत नाहीत."

'आमच्यात' म्हणजे जगभरच्या वर्गीकरणवाल्यांत. त्यांत दोन पंथ आहेत. एक तोडणाऱ्यांचा, केसाएवढा फरक दिसला की प्रजाती वेगळी काढणारा. दुसरा जोडणाऱ्यांचा, दहा प्रजाती गोळा करून 'ह्या सगळ्या एकच' म्हणणारा. सर जन्मानं तोडणारे. जोडणाऱ्यांबद्दल ते मराठीत जे बोलतात ते छापण्याजोगं नाही आणि इंग्रजीत जे छापतात ते फार सभ्य असतं: 'आमचे निरीक्षण मान्यवरांच्या निरीक्षणाशी जुळत नाही.'

त्यांच्या आवडीची गोष्ट गिरसप्प्याच्या गवताची. १९१९ साली गिरसप्प्याच्या धबधब्यापाशी एक नाजूक गवत गोळा केलं गेलं. पुढं ते कुणाला दिसेना, नामशेष झालं असं मानलं गेलं आणि २००२ साली ते आपल्या तिलारीच्या घाटात हजर! खरी गोष्ट, आणि ऐकताना अंगावर काटा येतो. पण सर ती कुठंही सांगतात. शेजारच्या पाटलांची म्हैस दोन दिवस सापडत नव्हती, घरात चूल पेटली नव्हती. सर भेटायला गेले आणि म्हणाले, "धीर सोडू नका. गिरसप्प्याचं गवत ८३ वर्षांनी सापडलं." पाटीलकाकूंनी नव्यानं गळा काढला.

दुसऱ्यांच्या शोधांचाही त्यांना आनंद होतो, पण तो ताबडतोब होत नाही. २०२३ साली विशाळगडावरच्या कंदीलपुष्पाच्या एका नव्या प्रजातीला शिवरायांचं नाव दिलं गेलं, तेव्हा साऱ्या कोल्हापूरनं ती बातमी मिरवली. सरांनी कात्रण कापून ठेवलं, शोध लावणाऱ्यांना अभिनंदनाचा फोन केला आणि मग संध्याकाळभर गॅलरीत बसून एकच वाक्य म्हणत राहिले, "त्या कड्याखालून मी कितीदा डबा खाऊन आलोय."

आता घर. वनस्पती गोळा केली की ती वर्तमानपत्राच्या घडीत घालून दाबायची, वर फळी, फळीवर वजन. कागद ओला झाला की बदलायचा, नाहीतर बुरशी. आणि गंमत अशी, की सह्याद्री फुलतो पावसाळ्यात आणि पावसाळ्यात काहीही वाळत नाही. जुलै ते ऑक्टोबर सरांच्या घरात दोन दोऱ्या असतात, एकीवर कपडे, दुसरीवर कागद, आणि पंखा दुसरीकडं वळवलेला. इस्त्री कपड्यांवरून फिरायच्या आधी कागदांवरून फिरते. ह्या घरातून रद्दी कधी बाहेर जात नाही. रद्दीवाला उलट आणून देतो. कुठलं पान पाणी चांगलं शोषतं ह्याचा सरांचा अभ्यास आहे. त्यांच्या मते अग्रलेखाचं पान सगळ्यात कोरडं.

वाळलेला नमुना जाड कागदावर डकवायचा. कागदाचं माप ठरलेलं, ४२ बाय २८ सेंटिमीटर. सरांनी कपाटं करून घेतली ती त्या मापाच्या कप्प्यांची. त्यात साडी मावत नाही. वहिनींच्या साड्या म्हणून ट्रंकेत असतात आणि ट्रंक म्हणून नेहमी फळीवर, वजनाला.

ह्या संसारात वहिनींनी एकच मागणं मागितलं होतं आणि तेही थट्टेत. सरांनी नव्या वनस्पतींना नावं दिली ती कधी डोंगराची, कधी गावाची, कधी गुरूंची. स्वतःचं नाव स्वतःच ठेवणं त्या जगात अशिष्ट समजतात. "मग घरातल्या माणसाचं चालतं का?" वहिनींनी विचारलं. सर म्हणाले, "चालतं. पण त्या तोलाची वनस्पती मिळायला हवी." वहिनींनी हे उत्तर कौतुक म्हणून घ्यायचं की नाही, ते ठरवायला बरीच वर्षं घेतली.

नाव कुठलं द्यायचं, हाही पेच होता. आपल्याकडं लग्नात मुलीचं नाव बदलतात. सासूबाईंनी सुचवलेलं नवं नाव सरांनीच अंगठीनं ताटातल्या तांदळात लिहिलं होतं. तेव्हा ते नुकते नोकरीला लागले होते आणि नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता त्यांनी वाचलेली नव्हती. पुढं वाचली. तिचा कणा म्हणजे प्राधान्याचा नियम. १७५३ साली लिनिअसचं 'स्पीशीज प्लांटारम' आलं, तिथून मोजायला सुरुवात. एका प्रजातीला अनेकांनी नावं दिली असतील, तर आधी वैध रीतीनं प्रसिद्ध झालेलं नाव खरं, बाकीची त्याच्याखाली समानार्थी म्हणून. सरांनी नियम वाचला, घरी आले आणि आईसमोर जाहीर केलं, की हिचं माहेरचं नाव आधीचं, शाळेच्या रजिस्टरात नोंदलेलं, तेच खरं. शिवाय तांदूळ हे प्रसिद्धीचं वैध माध्यम नव्हे. आईनं जे उत्तर दिलं ते कुठल्याच संहितेत बसणारं नव्हतं. तेव्हापासून सर माहेरच्या नावानं हाक मारतात, सासरचे सासरच्या, आणि वहिनी चहा झाल्याशिवाय दोन्हीला ओ देत नाहीत.

नावांचे असे खेळ सर सांगू लागले की मला, मराठीच्या माणसालाही, मजा येते. शिवनेरीच्या कड्यावर शिंदळ माकुडी फुलते. डॅल्झेलनं तिचा नवा वंशच उभा केला आणि त्याला मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं नाव दिलं, 'फ्रेरिया इंडिका'. पुढं एकानं ठरवलं, की हा वंश वेगळा नाही, ही 'कॅराल्युमा'च. पण त्या वंशात 'इंडिका' नावाची बाई आधीच बसलेली, आणि एका वंशात एक नाव दोघींना चालत नाही. म्हणून ती झाली 'कॅराल्युमा फ्रेरी'. पुढं तिला 'बोसेरोशिया'तही नेलं. "गव्हर्नरसाहेब आडनावाच्या जागेवरून नावाच्या जागेवर आले," सर म्हणतात, "आणि ती तिकडं कड्यावर लोंबतेच आहे. तिला पत्ताच नाही."

नावाइतकाच सरांना वर्णनाचा अभिमान. १९३५ ते २०११ अखेर नव्या वनस्पतीचं वर्णन किंवा वेगळेपणाची टीप लॅटिनमध्ये दिल्याशिवाय नाव ग्राह्य धरत नसत. सर स्टर्नचं 'बोटॅनिकल लॅटिन' उशाशी घेऊन ती भाषा शिकले. तिच्यात त्यांना देठावरची लव, बियांवरची नक्षी, पानाचं टोक असं सगळं बिनचूक सांगता येतं. पाणी मागता येणार नाही. १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजीही चालू लागलं. जगभरच्या तरुणांनी सुटकेचा निःश्वास टाकला. सरांनी त्या दिवशी, कुणी विचारलं नसताना, दारातल्या तुळशीचं लॅटिनमध्ये वर्णन लिहिलं.

तर अखेर वहिनींच्या तोलाची वनस्पती मिळाली. गेंदच. बोंड चार मिलिमीटर, नक्षी कुठल्याच गेंदाशी न जुळणारी. सरांनी लागोपाठ पावसाळे त्या सड्यावर घालवले, फूल पाहिलं, फळ पाहिलं, बी पाहिलं. मुख्य नमुना एक, म्हणजे टाइप. नाव कायमचं त्याला बांधलेलं. त्याची भावंडं निरनिराळ्या संग्रहालयांत रवाना झाली. निबंध गेला, परीक्षकांकडून दुरुस्त्या आल्या, उत्तरं गेली, आणि एके दिवशी छापून आलं. वहिनींचं माहेरचं नाव, लॅटिनचं शेपूट लावून. ते नाव मी इथं लिहीत नाही. छापील आहे, ज्याला हवं त्यानं शोधावं.

सरांनी पेढे वाटले. वहिनींनी फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "ह्यात मी कुठाय?" सरांनी भिंग दिलं.

हा आनंद काही काळ टिकला. परदेशातल्या मोठमोठ्या संग्रहालयांनी आपले जुने नमुने संगणकावर सर्वांना खुले केलेत. पूर्वी एक टाइप पाहायचा तर पत्र लिहून वाट पाहत बसावं लागे. आता लुंगीवर बसून पाहता येतो. सर रात्री जेवण झाल्यावर ते बघत बसतात. एका रात्री त्यांना एक शीट दिसलं. शंभरावर वर्षांपूर्वी कुणा साहेबानं दक्षिणेत गोळा केलेला गेंद, आणि त्याच्यासाठी ठेवलेलं नाव पुढं सगळ्यांनी दुसऱ्याच कुठल्या गेंदात बुडवून टाकलेलं. सरांनी चित्र मोठं केलं. अजून मोठं केलं. मग बियांचे फोटो मागवून घेतले. शंका उरली नाही. साहेबाचा गेंद आणि वहिनींचा गेंद एकच.

सकाळी मला बोलावून त्यांनी दोन्ही चित्रं दाखवली. मला दोन्हीत दोन गवतं दिसली. मी म्हटलं, "सर, हा फरक ओळखणारी माणसं जगात असतील तरी किती?"

"दहा-बारा."

"त्यांतलं कुणी काही म्हणालंय?"

"नाही."

"मग राहू द्या की."

सरांनी माझ्याकडं असं पाहिलं, की जणू मी फुलाशिवाय नाव सांगितलं होतं. "कोण म्हणालं, हा प्रश्नच नाही. नाव आधीचं आहे ना?"

आणि जन्मभर तोडत आलेल्या ह्या माणसानं, कुणी मागितलं नसताना, दोन पानांचा निबंध लिहून आपली प्रजाती साहेबाच्या प्रजातीला जोडून टाकली. वर साहेबाचं नाव. खाली, तिरप्या अक्षरांत, समानार्थी म्हणून, वहिनींचं. छापून आल्यावर त्यांनी तो अंक वहिनींसमोर ठेवला तेव्हा मी मुद्दाम थांबलो होतो, न जाणो मध्यस्थी लागली तर.

वहिनींनी चष्मा लावून पान नीट वाचलं.

"म्हणजे मी गेले?"

"जात नाही. एकदा वैध प्रसिद्ध झालेलं नाव पुसता येत नाही. ते कायम राहतं, पण त्याच्या खाली."

"लग्नातल्यासारखंच झालं. नाव माझंच, पण राहायचं दुसऱ्याच्या खाली."

सर काही बोलले नाहीत. माझ्या आठवणीत संहितेनं त्यांना पहिल्यांदाच तोंडघशी पाडलं.

"आणि बदलता येत नाही म्हणता? २०२४ साली त्या माद्रिदच्या परिषदेत दोनशेवर नावं बदलायचं ठरलं म्हणून तुम्हीच वाचून दाखवलंत."

"ती आफ्रिकेतल्या लोकांना हिणवणाऱ्या शब्दावरून पडलेली होती. एक अक्षर काढलं. त्यालाही जगभरच्या लोकांनी मतदान केलं तेव्हा."

"मग दुसरा एखादा गेंद बघा माझ्या नावाला."

"नाही चालत," सर अगदी हळू म्हणाले. "ह्या वंशात ते नाव वापरून झालं. बुडालं तरी जागा अडवून बसतं."

"वंश बदला मग," वहिनी म्हणाल्या. "आणि ह्या खेपेला भिंगाशिवाय दिसेल असं काहीतरी बघा."

सरांच्या डोळ्यांत जीव आला. "कंदीलपुष्प?"

"त्यात माश्या कोंडून ठेवतात, तुम्हीच सांगितलंत. नको."

"तेरडा? सह्याद्रीत तेरड्याचे प्रकार पुष्कळ आहेत."

"तेरड्याचा रंग तीन दिवस. एकदा झालं तेवढं पुरे. कारवीत बघा."

"कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते गं. फुलाशिवाय मला—"

"मी थांबेन. मला सवय आहे," वहिनी अंक मिटत म्हणाल्या. "तेवढ्यात तुम्ही त्या साहेबांची सगळी कपाटं उघडून, एकूण एक कारवी बघून ठेवा. आणि माझी ट्रंक तेवढी त्या फळीवरून खाली घ्या, पुतण्याचं लग्न आलंय."